पाटीवरच्या तीन चुका

मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कसं घडलं ते समजेल, आणि माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला झालाच तर तो वेळीच आवरता येईल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्या डोक्यात सणक जाते. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी चुका बघते, मग लग्न कुणाचं ते बघते. दुकानाच्या पाटीवर ‘दुध’ दिसलं तर आत जाऊन सांगून येते. निम्मं जुईनगर मला त्यामुळेच ओळखतं. आमचे हे म्हणतात, “यमाने वही उघडली तर तू आधी त्याचं शुद्धलेखन तपासशील.” म्हणोत बापडे.

आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, थोडी मोकळी जागा आहे. तिथे मुलांसाठी लोखंडी खेळणी होती. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सी-सॉ. आम्ही पंधरा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हाही ती जुनीच होती. भिंतीपलीकडे मूळ गाव. ज्यांच्या भातशेतीवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्या आगरी लोकांचं. आता तिथेही चार-चार मजली बिल्डिंगी झाल्यात, खाली भाडेकरू, वर मालक. त्यातल्याच एका दादांचं पावण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, लोखंडी जिने बनवायचे. आमची खेळणी त्यांनीच बनवून सोसायटीला दिलेली, आपणहून. एवढं मला माहीत होतं. का दिली, हे मी कधी विचारलं नाही.

झोपाळ्याच्या एका बाजूच्या दोन पायांना जोडून एक लोखंडी पाटी बसवलेली होती. तिच्यावरची अक्षरं रंगवलेली नव्हती, वेल्डिंग करून उठवलेली होती. बोटाएवढी जाड, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली उतरणारी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोर:

येकेक जन बसा. मंग मी.

पंधरा वर्षं मी ही पाटी वाचत कुकर लावला. ‘एकेक’चं ‘येकेक’, ‘जण’चं ‘जन’, ‘मग’चं ‘मंग’. पाच शब्दांत तीन चुका! आणि अर्थ तरी काय? ‘मंग मी’ म्हणजे कोण? मला वाटायचं, वेल्डरने वाक्य अर्धवट टाकलं आणि चहाला गेला. प्रत्येक नव्या कमिटीला मी ती पाटी बदलायला सांगितली. एकदा फेब्रुवारीत सोसायटीने मराठीचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा मी सगळ्या मुलांना त्या पाटीसमोर उभं केलं. आधी एका सुरात मोठ्याने वाचून घेतलं, मग म्हटलं, “चला, चुका शोधा.” मुलं खिदळायला लागली, पालकही हसले. मला टाळ्या मिळाल्या. घरी येऊन मी ह्यांना दोनदा तो किस्सा सांगितला.

निवृत्त झाल्यावर सोसायटीची सेक्रेटरी झाले. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, आणि मला हौस. खेळणी तोवर पार सडली होती. घसरगुंडीच्या कडेला पत्रा उचकटून एका मुलीची नडगी फाटली, इंजेक्शन द्यावं लागलं. कमिटीने ठरवलं की हे सगळं काढायचं आणि प्लॅस्टिकची रंगीत खेळणी आणायची. निर्णय बरोबरच होता, आजही तसंच म्हणेन. मी नोटीस लिहून खाली लावली. तिच्यात एकही चूक नव्हती, हे सांगायला नकोच.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आले. सत्तरीचे असतील. सडसडीत, पांढरा सदरा, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने काळे ठिपके, आणि सारखा पाणावलेला एक डोळा. संध्याकाळी ते आमच्या मागच्या अंगणात वॉचमनजवळ येऊन बसायचे, मुलं खेळताना बघायचे. मी समजायचे, रिकामटेकडा माणूस आहे.

“बाई,” ते दारातूनच म्हणाले, “खेळनी काडता ते बरोबर हाय. सडलीत. फकस्त ती पाटी मना द्या. काडायच्या आदी मना हाक मारा, मी माज्या हातानं सोडवीन.”

“हो हो, बोलावते की,” मी म्हटलं. गॅसवर फोडणी होती. मनात आलं, न्या बाई एकदाची ती पाटी आणि लावा तुमच्या दिवाणखान्यात. कशाला हवी, हे तेव्हाही विचारलं नाही.

कापणारे लोक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले. मंगळवारी सकाळी टेम्पो, गॅस कटर, दोन सिलिंडर. मी चहाचा कप घेऊन खाली उभी राहिले, देखरेख करायला. झोपाळ्याच्या साखळ्या उतरल्या, वरचा पाइप कापून खाली आला, मग पायांची पाळी आली. त्यातल्या एकाने पाटीवर हात ठेवून विचारलं, “मॅडम, ये बोर्ड?”

आता इथे मला खोटं बोलायचं नाही. मी विसरले नव्हते. दादा एका हाकेच्या अंतरावर होते, त्यांचा नंबर वॉचमनकडे होता. मला अगदी लख्ख आठवत होतं. पण वाटलं, ते येणार, सावकाश तास-दीड तास काढणार, टेम्पोवाला कटकट करणार. आणि खरं सांगू? ती पाटी डोळ्यांसमोरून जातेय याचा मला आनंद होत होता. मी म्हटलं, “सब ले जाओ.”

पाय जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये रोवलेले होते. ते फोडता फोडता दुपार झाली. टेम्पो गेला. मागे चार खड्डे आणि तांबूस माती राहिली. स्वयंपाक करताना खिडकीतून बघितलं, समोर काही वाचायला नव्हतं. मी गुणगुणत होते, हेसुद्धा लिहून ठेवते.

संध्याकाळी दादा नेहमीसारखे आले आणि खड्ड्यांपाशी उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं आणि झटकन पडद्याआड झाले. मी! जिचा अख्ख्या शाळेत दरारा होता, ती एका म्हाताऱ्याला घाबरून पडद्याआड. मग बेल वाजली.

“बाई, पाटी?”

“ठेवलीय ना आत,” माझ्या तोंडून निघून गेलं. “जरा गंज काढून देते.”

“ऱ्हाऊंदे गंज. तशीच द्या.”

“नाही हो दादा, चांगली करून देते.”

“बरं बरं. घाई नाय,” ते म्हणाले, आणि मला हात जोडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून तुर्भ्याला गेले. तिथे भंगाराच्या गोदामांची रांगच आहे, समोर ट्रकची ये-जा, धुळीत काही दिसत नाही. टेम्पोवाल्याचं गोदाम सापडलं. मालक भला माणूस होता. म्हणाला, काल रात्रीच माल भरून भट्टीकडे रवाना केला, थोडं काही मागे राहिलंय ते बघा. मी छत्रीच्या टोकाने तो ढीग तासभर उपसला. आमच्या सी-सॉची बसायची फळी मिळाली. एक साखळी मिळाली. पाटी नाही. परत येताना रिक्षात पदराकडे बघितलं, सगळा तांबडा झाला होता.

तेव्हाच जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण छे! मी त्याच रस्त्यावर पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात शिरले. स्टेनलेस स्टीलची, चकचकीत, कोरीव अक्षरांची पाटी सांगितली. मजकूर कागदावर लिहून दिला. शपथेवर सांगते, मुद्दाम काही केलं नाही. हात आपला आपण चालला आणि लिहून मोकळा झाला: ‘एकेक जण बसा. मग मी.’ दुसऱ्या दिवशी तयार पाटी हातात आली तेव्हा मनात म्हटलंसुद्धा, किती छान दिसतेय.

ती घेऊन मी गावात दादांच्या घरी गेले, चौथ्या मजल्यावर. सुनेने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. दादांनी पाटी उजेडात धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला लागले. ‘ण’वर बोट थांबलं.

“हे काय हाय?”

“दादा, जुनी अगदी सडली होती हो. म्हटलं नवीनच करून द्यावी. आणि ते जरा... शुद्ध करून घेतलं.”

“सडली व्हती?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पाच एमएमची प्लेट हाय ती, बाई. मी मेल्यावर बी सडनार नाय.”

वेल्डरला सांगतेय मी, तुझं लोखंड सडलं म्हणून! काय अक्कल.

“कुटं हाय ती?”

“भंगारात गेली,” मी म्हटलं. “माझ्यामुळे. मी तुम्हाला हाक मारली नाही. काल तुर्भ्याला जाऊन शोधली, मिळाली नाही.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवी पाटी हळूच टीपॉयवर ठेवली, उलटी. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत विचारायला हवं होतं.

त्यांना एक मुलगी होती, आठ वर्षांची. तेव्हा या बिल्डिंगच्या जागी त्यांचं जुनं बैठं घर होतं, आणि पडवीत त्यांनी तिच्यासाठी झोपाळा टांगला होता. आळीतली सगळी पोरं त्यावर बसायला यायची आणि भांडायची. शेवटी एक दिवस पोरीने चुलीतला कोळसा घेतला आणि पडवीच्या भिंतीवर लिहून ठेवलं. येकेक जन बसा. मंग मी.

“समद्यांना बसवायची, झोके द्यायची,” दादा म्हणाले. “तिची पाली यायची तवर आय जेवायला हाक मारायची. रोजचंच. त्याच साली ताप आला आनि तीन दिवसांत गेली.”

त्या भिंतीला त्यांनी पुढे कित्येक वर्षं चुना लावू दिला नाही. मग भावाभावांनी मिळून घर पाडून बिल्डिंग बांधायचं ठरवलं. पाडायच्या आदल्या दिवशी दादांनी भिंतीवर बटर पेपर लावला आणि पोरीचं अक्षर गिरवून घेतलं. तो कागद लोखंडी प्लेटवर ठेवून अक्षराअक्षरावर पंचने ठोकून टिंबं पाडत गेले. कागदाची चाळण झाली. मग त्या खुणांवरून वेल्डिंगचा रॉड फिरवला. नव्या बिल्डिंगीत अंगण नव्हतं, पडवी नव्हती, झोपाळा टांगणार कुठे? म्हणून भिंतीपलीकडे आमच्या मोकळ्या जागेत खेळणी करून दिली आणि पाटी तिथे लावली.

“हात तिचा, येल्डिंग माजं,” ते म्हणाले. “फोटो हायत तिचे दोन. पन अक्षर तेवडंच.”

वही? नाही. शाळेच्या वह्या घर पाडताना गेल्या. भिंत गेली, कागद गेला. राहिली होती ती पाटी, तिला मी टेम्पोत चढवलं. ‘मंग मी’ म्हणजे कोण हे मला कळलं तेव्हा समोरचा पाण्याचा ग्लास उचलायची माझी हिंमत होईना. त्यांच्या घरचं पाणी प्यायची माझी लायकी नव्हती. तसं मी म्हणालेही असते, पण ते म्हणणंही स्वतःचंच कौतुक करून घेतल्यासारखं झालं असतं.

“बाई, तुमी येकदा पोरांना उभी केलेली पाटीसमोर,” दादा मधेच म्हणाले. “मी भिंतीपल्याड व्हतो. समद्या पोरांनी येका आवाजात वाचलं. येकेक जन बसा, मंग मी. माज्या अंगावर काटा आला. मना वाटलं, जनू तिचीच शाला भरलीय. तवापासून तुमच्याबद्दल लय आदर.”

मुलं नंतर हसली ते ऐकलं का, असं विचारायला तोंड उघडत नव्हतं. त्यांनी आपणहूनच सांगितलं, “हसली पन पोरं. पोरं हसनारच.” मी तेव्हा काय शिकवत होते, हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे जे मागितलं ते त्या आदरापोटी मागितलं. “तुमाला पाठ असंल ती. खिडकीतनं रोज दिसायची. कंचं अक्षर कसं व्हतं ते तुमाला ठावं असनार, तुमी शिकवनाऱ्या. माजा डोला येल्डिंगनं गेलाय, अक्षर मनात येतं पन हातात येत नाय. तुमी खडूनं काडून द्या. पुतन्या येल्ड करंल.”

मी घरी येऊन आधी फोटो धुंडाळले. सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या वर्षांचे वाढदिवस, होळ्या, सगळे होते. प्रत्येक फोटोत झोपाळा, आणि पाटीपुढे कुणाचं ना कुणाचं डोकं. एकात ‘बसा’ नीट दिसत होतं. एकात ‘जन’चा शेवट. बाकी काही नाही. पण दादा म्हणाले ते खरंच होतं. डोळे मिटले की मला ती पाटी दिसत होती, रेघ न् रेघ. तिच्यावर पंधरा वर्षं चरफडले होते ना. दुसऱ्या कुणी तिच्याकडे इतकं लक्ष दिलं नसेल.

दोन दिवसांनी दादांबरोबर पावण्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडरचा कर्कश आवाज, लोखंडाचा वास. पुतण्याने स्टँडवर पाच एमएमची प्लेट ठेवली होती. मी खडू घेतला आणि लिहिलं. दादांनी वाकून बघितलं आणि तळहाताने पुसून टाकलं. मी ‘ए’ काढला होता. पुन्हा लिहिलं. ‘ये’ बरोबर आला, पण पुढे ‘जण’ झाला. त्यांनी पुन्हा पुसलं. माझ्या हाताला मेल्याला काय झालं होतं कोण जाणे! माहीत असूनही चुकीचं लिहीना. पुतण्या तिकडे तोंड करून हसू दाबत होता, आणि दादांनी खडू परत माझ्या हातात दिला.

“बाई,” ते म्हणाले, “जरा वेल बाई नका होऊ.”

तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर बसले आणि एकेक अक्षर लिहिलं नाही, काढलं. ‘ये’ची मात्रा मागे कललेली. ‘क’चा पोटाकडचा भाग मोठा. ‘न’ची रेघ वाकडी, खाली जाऊन थोडी वळलेली. ‘बसा’ फोटोत पाहिल्यासारखं, काना अर्धाच. ‘मंग’चा अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नसून बराच डावीकडे, जवळजवळ आधीच्या शब्दावर. प्रत्येक अक्षरानंतर दादा म्हणत होते, “हां... हां... असाच.” त्यांचा आवाज ओला होत होता आणि मला एका क्षणापुरतं वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून होतंय.

शेवटचा शब्द राहिला. ‘मी’. ‘म’ काढला आणि खडू थांबला.

ती वेलांटी पहिली होती की दुसरी? पोरीने दीर्घ काढली होती की ऱ्हस्व? मी मनाशी म्हटलं, अगं, ऱ्हस्व असती तर तू पंधरा वर्षांत हजारदा संतापली असतीस. तुझ्या हिशेबात चुका तीन. येकेक, जन, मंग. चौथी नव्हती. आणि मग त्या फेब्रुवारीतली एक मुलगी आठवली, पुढच्या रांगेतली, दोन वेण्यांची. सगळे “तीन, तीन” ओरडत होते आणि ती म्हणाली होती, “बाई, चार!” मी तिला म्हटलं होतं, “नीट मोज. तीन आहेत.” ती गप्प बसली. मी पाटीकडे वळून बघितलंसुद्धा नव्हतं.

डोळे मिटून पाहिलं. इतका वेळ लख्ख दिसणारी पाटी तेवढ्या जागी पुसट झाली होती. कधी दीर्घ दिसायचा, कधी ऱ्हस्व. दादा वाट बघत होते. ग्राइंडर बंद झाला होता.

मी दीर्घ काढला. माझ्या हाताला जो बरोबर वाटला तो.

दादा प्लेटवर ओणवे झाले. चांगला डोळा अगदी लोखंडापाशी नेला. खडू पुसला जाऊ नये म्हणून बोट अधांतरी धरून त्यांनी ‘मी’वरून फिरवलं, वरून खाली, मग वेलांटीवरून. या अक्षरावर ते “हां” म्हणाले नाहीत.

“मी असाच व्हता ना, बाई?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. पुतण्याने होल्डरमध्ये रॉड लावला, काच तोंडावर ओढली. दादांनी माझ्या खांद्याला धरून मला हळूच वळवलं.

“तिकडं भिंतीकडं तोंड करा, बाई. डोल्यांना तरास व्हईल.”

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.